दोन समुद्रांमधली रेघ

क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात दगडी गोमुखातून पाण्याची धार कुंडात पडत असते. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे हे उगमस्थान, अशी भाविकांची श्रद्धा. भागीरथी दर बारा वर्षांनी आणि सरस्वती दर साठ वर्षांनी इथे भेटीला येते, असेही सांगतात. श्रद्धेचा भाग घटकाभर बाजूला ठेवून नुसता नकाशा पाहिला, तरी अचंबा कमी होत नाही. या पाचांतली सावित्री पश्चिमेच्या कड्यांवरून खाली उतरते, महाडवरून जाते आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरांत बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्र गाठते. त्याच पठारावरची कृष्णा पूर्वेला निघते आणि वाई, कराड, सांगली करत कर्नाटक, तेलंगणा आणि आंध्र ओलांडून १,४०० किलोमीटरांनंतर हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या उगमापासून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ६४ किलोमीटरवर आहे.

जवळचा समुद्र सोडून नदी लांबच्या समुद्राकडे का जाते? कारण पाण्याला अंतर कळत नाही, उतार कळतो. दोन उतारांच्या मधली जी सर्वांत उंच धार, तिला जलविभाजक म्हणतात. कौलारू घराच्या आढ्यावर पडलेला पाऊस कोणत्या पाखेवर पडला यावर पुढच्या अंगणात जातो की मागच्या परड्यात, ते ठरते. डोंगराच्या धारेचे कामही तेवढेच. दोन ओढ्यांना वेगळी करणारी टेकडीची सोंडसुद्धा जलविभाजकच. पण जिच्या एका अंगाचे पाणी एका समुद्राला आणि दुसऱ्या अंगाचे दुसऱ्या समुद्राला जाते, ती धार खंडाची वाटणी करते. भारतीय द्वीपकल्पात ही धार म्हणजे सह्याद्री, असे आपण शाळेत शिकलो. ते चुकीचे नाही, पण अर्धेच आहे. ही रेघ वाटते तिथून नेहमी जात नाही, एका जागी स्थिर राहत नाही आणि गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत माणसाने तिला जागोजागी भोके पाडली आहेत.

आधी सह्याद्री. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते. अरबी समुद्रापासून हे ठिकाण सुमारे ८० किलोमीटरवर, आणि गोदावरीचा प्रवास १,४६५ किलोमीटरांचा. याच त्र्यंबकच्या डोंगररांगेतून वैतरणा निघते ती पश्चिमेला. म्हणजे त्र्यंबकच्या डोंगरावरचा पाऊस एका अंगाने नाशिकच्या रामकुंडात जातो आणि दुसऱ्या अंगाने मुंबईच्या नळाला येतो. मुंबईकर ज्या तलावांच्या पातळीवर जून-जुलैत डोळे लावून बसतात, त्यांतले अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि मोडकसागर हे तिन्ही याच नदीवरचे.

दोन पाखांचे पाणी असे वेगळे असले, तरी त्या सारख्या नाहीत. पश्चिमेची पाख आखूड आणि उभी. घाटमाथ्यावरून कोकणात बघावे तर काही किलोमीटरांच्या अंतरात जमीन सहाशे ते हजार मीटर कोसळते. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे सांगायला नको. पूर्वेची पाख मात्र शेकडो किलोमीटर हळूहळू उतरत जाते. हा लंगडेपणा कसा आला, याचे उत्तर जमिनीच्या जन्मात आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरून दख्खनचे पठार तयार झाले. त्यानंतर पश्चिमेकडे सेशेल्सचा भूभाग भारतापासून तुटला, किनारपट्टी खचली आणि पठाराचा कल पूर्वेकडे राहिला. तुटलेल्या काठाची धूप होत होत कडा मागे सरकत गेला आणि त्याने सोडलेल्या जागेत आजचे कोकण आले. घाटाच्या भिंतीत दिसणाऱ्या बेसाल्टच्या आडव्या पायऱ्या त्या लाव्हाच्या थरांच्या आहेत.

कड्याचे हे मागे सरकणे थांबलेले नाही. कोकणातल्या नद्या लहान असल्या तरी त्यांचा उतार तीव्र आणि पाऊस प्रचंड, त्यामुळे त्यांची कापण्याची ताकद मोठी. त्या आपले उगम मागे मागे, म्हणजे पूर्वेकडे कोरत नेतात. देशावरच्या नद्या माथ्यावर संथ असतात. त्यांना तेवढा जोर नाही. अशा कोरण्यात पश्चिमेची एखादी नदी पूर्वेच्या नदीचा वरचा भाग आपल्याकडे वळवून घेते, त्याला भूशास्त्रात नदीचे अपहरण म्हणतात. जलविभाजक या हिशेबाने दर पावसाळ्यात पूर्वेकडे सरकतो आहे. फक्त माणसाच्या आयुष्यात ते दिसत नाही.

दिसते ते वाऱ्याचे काम. जुन्नरजवळ नाणेघाट ही सातवाहनकाळापासूनची वाट. तिथल्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे आणि खिंडीच्या तोंडाशी जकातीचा म्हणून दाखवला जाणारा मोठा दगडी रांजण. जवळच कुकडेश्वराच्या देवळाशी कुकडी उगम पावते आणि घोड, भीमा, कृष्णा असे करत पूर्वेला जाते. पश्चिमेला कडा कोसळतो तो उल्हास नदीच्या खोऱ्यात. जुलैमध्ये कोकणातून येणारा वारा या घळीत इतका जोरात घुसतो की कड्यावरून खाली पडणारे पाणी वर उडते आणि माथ्यावर येऊन पडते. पर्यटक त्याला उलटा धबधबा म्हणून बघायला जातात आणि चिंब भिजून येतात. अरबी समुद्राकडे निघालेले काही थेंब अशा वेळी वारा पुन्हा घाटमाथ्यावर टाकतो. हिशेबात ते पाणी नगण्य, पण धारेवरचे थेंब किती डळमळीत असतात ते याहून चांगले कुठे दिसणार?

वाऱ्याचा दुसरा परिणाम मात्र नगण्य नाही. जलविभाजक पडलेल्या पाण्याची दिशा ठरवतो. पण सह्याद्रीसारखा उंच असेल तर पाऊस कुठे पडायचा तेही तोच ठरवतो. समुद्रावरून आलेले ढग कड्याला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि माथ्यावर रिकामे होतात. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तीसेक किलोमीटरवरच्या वाईत सातशे-आठशेच्या घरात. पुढे माण-खटावकडे गेले की पाचशेच्या आसपास. महाराष्ट्राच्या पाण्याचे सगळे राजकारण या उतरत्या आकड्यांतून जन्मलेले आहे. राज्याच्या साधारण दहा टक्के जमिनीवर असलेल्या कोकणाकडे राज्यातले निम्म्याला टेकणारे पाणी, आणि उरलेल्या नव्वद टक्क्यांत बाकीचे.

आता रेघ वाटते तिथून का जात नाही ते पाहू. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. ते मुख्य धारेवर नाहीच; पूर्वेला फुटलेल्या सोंडेवर आहे. त्याच्या दोन्ही बाजूंचे पाणी, एकीकडून दारणा आणि दुसरीकडून प्रवरा, शेवटी गोदावरीलाच मिळते. सर्वांत उंच शिखर आणि पाण्याची वाटणी यांचा संबंध असलाच पाहिजे, हा आपला समज इथे पहिल्यांदा कोसळतो. हिमालयात तर तो पार धुळीला मिळतो. सिंधू, सतलज आणि ब्रह्मपुत्रा या तिन्ही नद्या हिमालयाच्या पलीकडे, तिबेटात कैलास-मानसरोवराच्या परिसरात उगम पावतात आणि जगातली सर्वांत उंच पर्वतरांग चिरून अलीकडे येतात. हिमालय उचलला जात होता तेव्हाच या नद्या वाहत होत्या आणि डोंगर वर येण्याच्या वेगाने त्या खाली कापत राहिल्या, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. म्हणजे मोठा जलविभाजक तिथे एव्हरेस्टच्या रांगेत नसून बराच उत्तरेला आहे.

अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर यांच्यातली ही वाटणीची रेघ बोटाने नकाशावर फिरवून पाहावी; मी तरी ते अनेकदा केले आहे आणि दर वेळी मजा आली आहे. कन्याकुमारीपासून सह्याद्रीच्या माथ्यावरून ती उत्तरेला येते. नाशिक जिल्ह्यात हातगडच्या परिसरात मात्र ती सह्याद्री सोडते. कारण सुरगाण्याजवळच्या केमच्या डोंगरात उगम पावणारी गिरणा पूर्वेला जाते खरी, पण मालेगाव, जळगाव करून तापीला मिळते. आणि तापी सुरतेपाशी पश्चिमेला, अरबी समुद्रातच. म्हणजे तिथे सह्याद्रीच्या दोन्ही अंगांचे पाणी एकाच समुद्राला. खरी रेघ सप्तशृंगी, धोडप, चांदवडच्या सातमाळा रांगेने पूर्वेला वळते आणि अजिंठ्याच्या डोंगरावरून पुढे जाते. अजिंठ्याच्या लेण्यांपुढे घोड्याच्या नालासारखी वळलेली वाघूर तापीकडे जाते, आणि वेरूळच्या लेण्यांवरून पडणारी येळगंगा गोदावरीच्या खोऱ्यात. एकाच जिल्ह्यातली ही दोन लेणी दोन वेगवेगळ्या समुद्रांना पाणी देतात, हे तिथल्या गाइडनी सांगायला हरकत नाही.

पुढे रेघ बुलढाण्याच्या पठारावरून विदर्भात शिरते. तिथे पूर्णा नावाच्या दोन नद्या आहेत, एक तापीची आणि एक गोदावरीची, आणि रेघ त्यांच्या मधून जाते. मग मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातला मुलताई तालुका, जिथून तापी पश्चिमेला आणि वर्धा दक्षिणेला निघते. तिथून अमरकंटक: नर्मदा पश्चिमेला, शोण उत्तरेला गंगेकडे. नर्मदा आणि तापी या पूर्वेकडच्या कलाच्या विरुद्ध वाहतात, कारण त्यांच्या दऱ्या खचलेल्या भूभागात आहेत. नर्मदेला वळसा घालून रेघ विंध्य, माळवा, अरवली अशी वर चढते आणि पंजाब-हरियाणाच्या सपाट शेतांत शिरते. अंबाल्याच्या आसपास सिंधूचे खोरे आणि गंगेचे खोरे यांच्यात डोंगर नाही, टेकडी नाही. उसाच्या आणि गव्हाच्या शेतातून जाताना आपण एका समुद्राच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत गेलो हे कळतसुद्धा नाही. पुढे सिमल्याचे रिज. तिथल्या एका उताराचे पाणी सतलजला आणि दुसऱ्याचे यमुनेला. मग तिबेट.

जगात अशा धारांच्या कथा पुष्कळ आहेत, सगळ्या सांगायची गरज नाही. अमेरिकेत रॉकी पर्वतावरून जाणारी मोठी धार पॅसिफिक आणि अटलांटिकची वाटणी करते. मोंटाना राज्यातल्या ट्रिपल डिव्हाइड शिखरावरून तर पाणी तीन दिशांना जाते: पॅसिफिक, मेक्सिकोचे आखात आणि हडसनचा उपसागर. वायोमिंगमध्ये टू ओशन पास नावाच्या खिंडीत एक ओढा चक्क दुभंगतो. एक फाटा अ‍ॅटलांटिक क्रीक, दुसरा पॅसिफिक क्रीक. तिथे झाडावर पाटी आहे, अटलांटिक ३,४८८ मैल, पॅसिफिक १,३५३ मैल. दक्षिण अमेरिकेत व्हेनेझुएलाच्या सपाट जंगलात कासिकियारे ही नदी ओरिनोकोचे पाणी अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात नेते. १८०० साली हुम्बोल्टने तिच्यातून नाव घालून युरोपला तिची खात्री पटवली. काही पाणी तर कोणत्याच समुद्राला जात नाही. कॅस्पियन हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण, आणि आपले छोटे उदाहरण म्हणजे लोणार: सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात आत येणारे झरे आहेत, बाहेर जाणारी वाट नाही. पाणी वाफ होऊन जाते, क्षार मागे राहतात आणि सरोवर खारट होते.

भूपृष्ठावरची धार आणि जमिनीखालची धार एकच असते असेही नाही. जर्मनीत इमेंडिंगेनजवळ डॅन्यूब नदीचे पाणी चुनखडीच्या भेगांतून खाली गडप होते. उन्हाळ्यात कित्येक दिवस तिथे पात्र कोरडे असते. हे पाणी जाते कुठे? १८७७ साली त्यात १० किलो फ्लुरेसिन रंग टाकला. सुमारे साठ तासांनी बारा किलोमीटरवरच्या आख झऱ्याचे पाणी हिरवे चमकू लागले. हा झरा ऱ्हाइनच्या खोऱ्यातला. काळ्या समुद्राकडे निघालेली डॅन्यूब आपले काही पाणी अशा रीतीने उत्तर समुद्राला देऊन टाकते. आपल्या बेसाल्टात अशा गुहा नाहीत, म्हणून हा घोटाळा आपल्याकडे फारसा नाही.

पाण्याच्या धारेवर देशांच्या सीमा आखायची पद्धत जुनी. दिसायला ती सोपी वाटते, आणि त्यातच फसवणूक आहे. चिली आणि अर्जेंटिना यांनी १८८१ साली करार केला की सीमा अँडीजच्या पाणी वाटणाऱ्या सर्वोच्च शिखरांवरून जाईल. पॅटागोनियात गेल्यावर कळले की सर्वोच्च शिखरे एकीकडे आणि पाण्याची धार भलतीकडे. चिली म्हणे पाणी धरा, अर्जेंटिना म्हणे शिखरे धरा. अर्जेंटिनाचा तज्ज्ञ फ्रान्सिस्को मोरेनो याने १८९८ च्या सुमारास फेनिक्स नदीला माणसांकडून चर खणून तिचा पॅसिफिककडे जाणारा प्रवाह अटलांटिककडे वळवून दाखवला. नुसत्या फावड्याने जी रेघ हलते तिच्यावर सीमा कशी ठेवता, असा त्याचा मुद्दा. शेवटी ब्रिटनच्या राजाकडे निवाडा गेला आणि १९०२ साली दोन्हींच्या मधून सीमा काढण्यात आली. मोरेनोची ती खोदाई मला या सगळ्या विषयातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते, कारण पुढे आपणही तेच केले, फक्त फावड्याऐवजी बोगद्यांनी.

सह्याद्रीची पश्चिम पाख उभी आहे, म्हणजे तिच्यावरून पडणाऱ्या पाण्यात वीज आहे. टाटांनी हे ओळखून घाटमाथ्यावर तलाव बांधले आणि पूर्वेला जाणारे पाणी नळांतून पश्चिमेला सोडले: खोपोली १९१५, भिवपुरी १९२२, भिरा १९२७. मुंबईच्या गिरण्या, ट्रॅम आणि लोकल या विजेवर धावल्या. मुळशीच्या धरणाला विरोध करणारा सेनापती बापट यांचा सत्याग्रह (१९२१-२४) गावे आणि भातशेती बुडण्याविरुद्ध होता. धरणात अडवलेले मुळा नदीचे पाणी कोकणात चालले आहे, हा मुद्दा तेव्हा पुढे नव्हता. आज तोच मुख्य आहे. कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग करायला जाणाऱ्यांना सकाळी लवकर बोलावतात, कारण भिऱ्याच्या वीजकेंद्रातून पाणी सुटते तेव्हाच नदी भरते. हेल्मेट आणि लाइफ जॅकेट घालून जे पाणी ते वल्हवतात, ते डोंगराच्या पूर्व उतारावर सोडले असते तर पुण्यावरून उजनीला गेले असते.

कोयनेचा प्रकार याहून मोठा. कोयना महाबळेश्वरपासून सह्याद्रीला समांतर अशी सरळ दक्षिणेला ६५ किलोमीटरच्या आसपास जाते आणि हेळवाकपाशी पूर्वेला वळून कराडला कृष्णेला मिळते. म्हणजे धारेच्या अगदी कडेने वाहणारी ही नदी, तिच्या आणि कोकणाच्या मधे डोंगराची एक भिंत. ती भिंत पोखरून पाणी पोफळीला सुमारे पावणेपाचशे मीटर खाली सोडले, म्हणून कोयना प्रकल्प १,९६० मेगावॉटपर्यंत पोचला. तेच पाणी धरणाच्या पायथ्याशी पूर्वेला सोडले तर वीज मिळते ती फक्त ४० मेगावॉट क्षमतेची. १३ मार्च १९९९ रोजी चौथ्या टप्प्यासाठी कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या तळाशी स्फोट करून बोगदा जोडला, ते आशियातले पहिले लेक टॅपिंग. पोफळीचे पाणी वाशिष्ठीत जाते, चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत. उन्हाळ्यातही वाशिष्ठी वाहती राहते ती या पाण्यामुळे, आणि तिच्या काठचे उद्योग आणि गावे त्याच्यावर उभी आहेत.

बचावत लवादाने कृष्णेचे वाटप करताना कोयनेतून पश्चिमेला वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) आणि टाटांच्या तलावांतून पाच वर्षांत २१२ टीएमसी, म्हणजे सरासरी ४२ टीएमसी एवढी मर्यादा घातली. दोन्ही मिळून शंभर टीएमसीच्या वर पाणी दर वर्षी जलविभाजकाच्या पलीकडे जाते, आणि ते मोजलेले, कायदेशीर पाणी आहे. सोलापूर, सांगलीच्या दुष्काळी तालुक्यांतून हे पाणी थांबवा, वीज दुसरीकडून घ्या, अशी मागणी होते. सौर वीज स्वस्त झाल्यापासून या मागणीत पूर्वीपेक्षा जास्त दम आहे. पण संध्याकाळी एकदम वाढणारी गरज भागवायला जलविद्युत अजून हवीच. आणि सवय झालेल्या वाशिष्ठी-कुंडलिकेच्या काठच्या लोकांचे काय, याचे उत्तर मागणी करणारे देत नाहीत.

उलट्या दिशेचे उदाहरण केरळात आहे. मुल्लपेरियार धरणाने १८९५ साली पश्चिमेला वाहणाऱ्या पेरियारचे पाणी बोगद्यातून पूर्वेला वैगईत सोडले. मदुरैचे शेतकरी अजून इंजिनिअर पेनिक्विकची आठवण काढतात. १८८६ च्या करारात मुदत ९९९ वर्षांची. शंभर वर्षांनी धरणाच्या सुरक्षिततेवरून केरळ आणि तामिळनाडू भांडत बसले. शिकागोने १९०० मध्ये आपली नदी उलटी वाहवली, कारण सांडपाणी पिण्याच्या तळ्यात जात होते. मिशिगन सरोवर आणि मिसिसिपी यांच्यातला जलविभाजक तिथे काही मीटरच उंच. शहर वाचले, पण खोऱ्यांमधली भिंत गेली आणि आता परदेशी मासे सरोवरात शिरू नयेत म्हणून कालव्यात विजेचे अडथळे लावावे लागतात.

गोव्याचे म्हादईचे भांडण याच जातीचे. बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यात म्हादई उगम पावते आणि पश्चिमेला गोव्यात मांडवी होते. जवळच कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे जाते. दोघींच्या मधे एवढी थोडी उंची की म्हादईला मिळणाऱ्या कळसा-बंडुरी या ओढ्यांचे पाणी मलप्रभेत वळवणे कर्नाटकाला साहजिक वाटते. म्हादईच्या लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी दिले. कर्नाटकाच्या वाट्यातले ३.९ टीएमसी मलप्रभेत वळवण्यासाठी. आकडा छोटा दिसतो. पण उन्हाळ्यात नदी रोडावली की समुद्राचे खारे पाणी मांडवीत किती आत येईल, ही गोव्याची भीती आकड्याने जात नाही.

महाराष्ट्रात आता वारे पश्चिमेकडून पूर्वेला आहेत. नार आणि पार या पश्चिमेला गुजरातेकडे जाणाऱ्या नद्यांचे पाणी गिरणेत टाकण्याच्या योजनेला राज्याने २०२४ साली मंजुरी दिली. कोकणातले पाणी गोदावरीत आणण्याचेही प्रस्ताव आहेत. या योजनांच्या भाषणांत एक वाक्य हमखास येते: समुद्रात वाया जाणारे पाणी. हे वाक्य मला खटकते. ज्या कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तिथल्या वाड्यांत एप्रिल-मेमध्ये टँकर येतात, कारण पाणी चार महिन्यांत उतारावरून निघून जाते आणि साठवायची सोय केलेली नाही. तिथल्या खाड्यांतली मासळी आणि किनाऱ्यावरची गोड्या पाण्याची विहीर नदीच्या प्रवाहावर टिकून आहे. ज्याला आपण वाया म्हणतो, त्याच्या शेवटी कोणीतरी जगत असते. आणि देशावर जाणाऱ्या पाण्याचे पुढे ऊस होणार असेल, तर दुष्काळी माणसाचे नाव घेऊन डोंगर पोखरायला नको.

जलविभाजकाला भोक पाडूच नये, असे मी म्हणत नाही. मराठवाड्यातल्या गावाला पिण्याचे पाणी हवे, हे नाकारणारा माणूस सापडणार नाही. पण कोयनेच्या पाण्याचा साठ वर्षांहून जास्त अनुभव आपल्याकडे आहे: एकदा दिशा वळवली की दोन्ही बाजूंना माणसे तिच्यावर अवलंबून होतात आणि परत वळवणे जवळजवळ अशक्य होते. तेव्हा नवा बोगदा मंजूर करण्याआधी ज्या नदीतून पाणी उचलायचे तिचा डिसेंबर ते मे प्रवाह निदान दहा वर्षे मोजा, ते आकडे मराठीत छापा आणि त्या नदीकाठच्या ग्रामसभांपुढे ठेवा. त्यानंतरच निविदा काढा.